काचेवरची किंमत आणि 'बाकीचं किरकोळ'

'किस्से सांग' म्हणून लोक माझ्या मागे लागतात, पण मी ते कधी मुद्दाम जमवले नाहीत. जुनी गाडी एका जागी फार दिवस उभी राहिली की तिच्याखाली आपोआप तेलाचा डाग पडतो, तसे ते पडत गेले. मी चिपळूणला हायवेलगतच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात कागदपत्रं बघते. म्हणजे गाडी नावावर करायची, विमा बदलायचा, गिऱ्हाइकाची सही घ्यायची आणि सही करताना त्याचा चेहरा पडला तर त्याला पाणी द्यायचं. पाणी फुकट आहे. अजून तरी!

आमचे मालक भाईशेठ. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळाला गंध आणि जिभेवर साखर. दुकानातल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर किंमत रंगवलेली असते. चांगली ठळक, हायवेवरून जाणाऱ्या एसटीतूनही वाचता येईल अशी. गिऱ्हाईक ती वाचून आत येतं आणि विचारतं, "एवढीच ना?"

भाईशेठ छातीला हात लावून सांगतात, "एवढीच! बाकीचं किरकोळ."

हे 'बाकीचं किरकोळ' म्हणजे आमचा खरा धंदा. गाड्या आपल्या शोभेला. फाईल चार्ज, हँडलिंग चार्ज, इन्स्पेक्शन, कोटिंग, ही मंडळी एकदम कधीच बाहेर येत नाहीत. टोकन दिलं की पहिला चार्ज. सही झाली की दुसरा. आणि गाडीला हार घातला, बायकोने बॉनेटवर कुंकू लावलं, पोरं मागच्या सीटवर जाऊन बसली की उरलेले सगळे! एकदा पोरं सीटवर बसली की बाप पळून जाणार कुठे?

* * *

त्यातूनही कोणी कोणी निसटतं. गुहागरचे एक काका आले होते. उभा जन्म बोटीवर काढला, आता निवृत्त होऊन नारळ-पोफळीच्या वाडीला पाणी लावतात. बिल हातात घेऊन त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "हे हँडलिंग म्हणजे काय हो?"

"गाडी हाताळली ना आम्ही, काका," भाईशेठ म्हणाले. "आणली, धुतली, पुसली, इथे लावली."

"तुम्हीच?"

"आमच्याशिवाय दुसऱ्या कोणी हातसुद्धा लावलेला नाही!"

"नक्की?"

"देवाशप्पथ!"

काका उठले, गाडीच्या मागे गेले आणि बंपरवरच्या लांबलचक चऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "मग हा तुम्हीच पाडलात. आमच्या बोटीवर माल हाताळताना खरचटला तर हाताळणारा भरून देत असे. बोला, किती कमी करताय?"

त्या दिवशी पाणी भाईशेठना द्यावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बिलावर हँडलिंग चार्ज नाही. आता 'केअर चार्ज' असतो.

* * *

आता संदेशबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. संदेश आमचा सेल्समन. भाईशेठच्या हाताखाली तयार झालेला, त्यामुळे बोलणं मऊसूत. त्याची बायको स्नेहल आत डोंगरातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. रोज स्कूटरने घाट चढते नि उतरते. गेल्या पावसाळ्यात एका वळणावर चिखलात स्कूटर घसरली आणि हिच्या मनगटात प्लेट बसवावी लागली. महिन्या-दीड महिन्यात बाई पुन्हा स्कूटरवर! लसीकरणाचा दिवस कोणाच्या मनगटासाठी थांबत नाही, असं तिचं म्हणणं.

दिवाळीनंतर आमच्या यार्डात एक छोटी पांढरी गाडी आली. एका गृहस्थांनी जपून वापरलेली. संदेशने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "ताई, पुढच्या पावसाळ्याच्या आत ही स्नेहलसाठी घ्यायची."

"घे की."

"पतसंस्थेत कर्जाचा अर्ज टाकलाय."

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

आणि भाईशेठचा नियम असा की स्टाफसाठी गाडी राखून ठेवायची नाही. जो आधी पैसे टाकेल त्याची गाडी. म्हणजे संदेशने जी गाडी स्वतःसाठी धरली होती तीच गाडी दिवसभर लोकांना विकण्याचा त्याला पगार मिळत होता. मला त्याची खरंच कीव आली.

पण पोरगा हुशार. आमच्या दुकानातून गिऱ्हाईक पळवून लावायचा एकमेव खात्रीचा उपाय त्याने आठवड्याभरात शोधून काढला. खरं सांगायचं!

खेडचं एक जोडपं आलं. नवरा बँकेत, बायको शिक्षिका. दोघांना पांढरी गाडी बघताक्षणी आवडली. बाईंचे तर स्टिअरिंगवर बसून आरशात केससुद्धा सारखे करून झाले. संदेश पुढे झाला, हात जोडले आणि आरती म्हणावी तसं एका सुरात सुरू झाला, "काचेवर आहे ती किंमत. त्यावर फाईल चार्ज. त्यावर केअर चार्ज. त्यावर इन्स्पेक्शन, ते आम्हीच करतो आणि आमची गाडी आमच्याच इन्स्पेक्शनमध्ये आजवर कधी नापास झालेली नाही. मग कोटिंग. मग सीट कव्हर, ती आधीच घातलेली आहेत, काढून मागितलीत तर काढण्याचा चार्ज."

बाई म्हणाल्या, "अहो, पण हे सगळं आत्ताच का सांगताय?"

"नंतरच सांगायचं असतं, मॅडम. पण नंतर तुम्हाला फार वाईट वाटेल."

जोडपं इतक्या घाईने गेलं की नवऱ्याचा गॉगल आमच्या टेबलावरच राहिला. मी खाली मान घालून स्टेपलर शोधत होते. संदेश म्हणाला, "ताई, कुठे बोलू नका हां."

"मी कशाला बोलू? तू खोटं बोलला असतास तर गोष्ट वेगळी," मी म्हटलं.

* * *

चिपळूणचं गिऱ्हाईक गाडी चालवून बघण्याआधी हुंगून बघतं. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. दार उघडायचं, मुंडकं आत घालायचं, पायाखालचं मॅट उचलायचं आणि दीर्घ श्वास घ्यायचा. पुराने शिकवलेली विद्या आहे ही. एकदा का गाडीत वाशिष्ठीचा गाळ शिरला की तुम्ही चंदनाचा परफ्यूम लावा नाहीतर गुलाबाचा, चार दिवसांनी गाडी आपली नदीसारखाच वास मारणार.

लोक एवीतेवी हुंगतातच, तर त्याचे पैसे का सोडा! भाईशेठनी 'पूरमुक्त प्रमाणपत्र' काढलं. जाड कागद, सोनेरी कड, खाली गोल शिक्का. त्याचा चार्ज वेगळा.

बाजारपेठेतले एक किराणा व्यापारी आले. गाडी हुंगून झाली, मॅट उचलून झालं, डिकीत अर्ध्यावर आत शिरून झालं. मग त्यांनी ते प्रमाणपत्र हातात घेतलं.

"हे देतं कोण?"

"आपणच."

"तुमच्या दुकानात पाणी कुठवर आलं होतं?"

आता चिपळूणच्या माणसाला हा प्रश्न विचारला की त्याचं सगळं भान सुटतं. ज्याच्या घरात पाणी जास्त, त्याचा मान जास्त. भाईशेठ त्यांना भिंतीपाशी घेऊन गेले आणि चवड्यावर उभं राहून, हात ताणून म्हणाले, "हे बघा, इथवर!"

"आणि गाड्या?"

"त्या आदल्या दिवशीच वर डोंगराकडे नेऊन लावल्या होत्या. एकाही गाडीचं टायर भिजलं नाही!"

"बरं. मग ह्या प्रमाणपत्रावरचा शिक्का एवढा पुसट का?"

"तो बिचारा टेबलाच्या खणात राहिला ना!" भाईशेठ कळवळून म्हणाले.

* * *

'कोटिंग'चा खुलासा करायचा राहिला. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो, हे खरं आहे. म्हणून आम्ही गाडीला खालून एक काळं काहीतरी मारतो. त्याला नाव 'कोस्टल प्रोटेक्शन'. वेळणेश्वर, गुहागरकडचे लोक निमूटपणे पैसे देतात, कारण त्यांच्या खिडक्यांचे गज त्यांनी डोळ्यांदेखत गंजताना पाहिलेले असतात.

पण सह्याद्रीच्या अगदी पायथ्याच्या गावातला एक शेतकरी बिल बघून चकित झाला. "शेट, आमच्याकडं समुद्र कुठं हाय? आमच्या गावातली म्हातारी माणसं समुद्र न बघता मेली!"

"मेली ना?" भाईशेठ म्हणाले. "कारण त्यांच्याकडे गाडी नव्हती. आता दारात गाडी आली की पहिल्या रविवारी बायको काय म्हणेल?"

शेतकऱ्याने बायकोकडे बघितलं. बायको लाजून म्हणाली, "गुहागरला जाऊया."

भाईशेठ माझ्याकडे वळले. "वैनी, कोटिंग धरा."

* * *

शिमग्याला मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा आमची खरी चंगळ असते. ग्रामदेवतेची पालखी घरी येईल तेव्हा दारात गाडी उभी पाहिजे, असा प्रत्येकाचा हट्ट. पालखी काही त्यांच्या सोयीने थांबत नाही, त्यामुळे घासाघीस करायला वेळ नसतो.

असाच एक वेळणेश्वरचा चाकरमानी म्हाताऱ्या आईला घेऊन आला. सगळे चार्ज त्याने दात आवळून दिले. शेवटी आलं 'पूजा किट'. नारळ, हार, लिंबू-मिरची, पेढ्याचा लहान बॉक्स. ह्याची किंमत अशी की तेवढ्यात एखाद्या छोट्या देवळाचा उत्सव व्हावा! म्हातारीने आपल्या पिशवीतून सोललेला नारळ काढला आणि टेबलावर ठेवला.

"माझ्या वाडीतला हाय ह्यो. किट नको आमाला."

"आजी, बाहेरचा नारळ चालत नाही."

"देवाला चालतो तो तुमाला नाय चालत?"

"देवाला चालतो हो. कंपनीला चालत नाही."

कंपनी म्हणजे भाईशेठ, संदेश आणि मी. मला तर कुठलाही नारळ चालला असता.

मुलगा वैतागला. "बरं बाबा, द्या तुमचाच नारळ. पण एवढा महाग? असा कुठला नारळ आहे हा?"

"अस्सल वेळणेश्वरचा!" भाईशेठ अभिमानाने म्हणाले.

* * *

इकडे पतसंस्था अजून 'बघू'वरच होती आणि संदेशचा खरेपणा जोरात चालला होता. पांढऱ्या गाडीपाशी कोणी थांबलं की तो धावत जायचा आणि सगळी यादी ऐकवायचा. माणसं यायची, ऐकायची, जायची. मग एके दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या आणि सगळं मुसळ केरात गेलं.

बाईंनी संदेशची आख्खी आरती डोळे मिटून ऐकली. मग डोळे उघडले तर त्यात पाणी! "नोकरीभर मुलांना सांगत आले, खरं बोला, खरं बोला. एकानेही ऐकलं नाही. तू पहिला. ही गाडी मी तुझ्याकडूनच घेणार!"

संदेशचं तोंड एवढंसं झालं. त्याने आणखी खरं बोलून बघितलं. "बाई, हिचा हॉर्न कधीकधी आपोआप वाजतो."

"बघा! किती प्रामाणिक!"

"मागचं दार आतून उघडत नाही."

"कोण सांगतं हो असं हल्ली?" बाई मला म्हणाल्या.

संदेश जितकं खरं बोलत होता तितक्या बाई गाडीच्या जवळ जात होत्या. त्यांनी पर्समध्ये हात घातला तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला. रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, ही गाडी मला माझ्या बायकोसाठी पाहिजे. तिच्या मनगटात प्लेट आहे. पतसंस्था कर्ज देत नाही. मला हिला इथून जाऊ द्यायची नाही."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि पर्स मिटली. "मग ती पलीकडची लाल दाखव."

लाल गाडी त्यांनी एका पैशाची घासाघीस न करता घेतली. सगळ्या चार्जसकट! शिवाय जाताना पेढेही त्यांनीच वाटले. भाईशेठ केबिनमधून धावतच बाहेर आले. "संदेश, लेका, काय जादू केलीस?"

"काही नाही. आधीच सगळं खरं सांगितलं."

भाईशेठ विचारात पडले. असा विचार त्यांनी पूर्वी कधी केलेला नव्हता. संध्याकाळी मला आत बोलावून म्हणाले, "वैनी, उद्यापासून बिलात एक ओळ वाढवा. 'पारदर्शकता शुल्क'!"

* * *

मे महिन्याच्या शेवटी पतसंस्थेने एकदाचं 'बघू' सोडून 'या' म्हटलं. पण कर्ज मिळालं ते बरोबर काचेवरच्या किमतीएवढं. वर काही नाही. घरातलं होतं-नव्हतं ते स्नेहलच्या ऑपरेशनला गेलेलं. बाहेर ढग जमायला लागले होते आणि उपकेंद्राचा रस्ता पावसात कसा होतो ते त्या दोघांना कोणी सांगायला नको होतं.

दोघं नटूनथटून आली. स्नेहलने भाईशेठना वाकून नमस्कार केला. मी बिल करायला बसले आणि संदेश खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. आमचं बिल कसं वाढतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत!

"फाईल चार्ज?" मी विचारलं.

"सोडा," भाईशेठ म्हणाले.

"केअर?"

"सोडा. घरचा माणूस आहे."

"कोटिंग? पूरमुक्त?"

"सोडा, सोडा."

"पूजा किट?"

"नारळ माझ्याकडून. किट नको."

"पारदर्शकता?"

"ती त्याच्याकडून काय घ्यायची? त्यानेच आणली ना ती दुकानात!"

संदेशच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. हा माणूस आपण समजतो तसा नाही, असं मला वाटलं न वाटलं तोच भाईशेठ घसा खाकरून म्हणाले, "फक्त पार्किंग धरा."

"कसलं पार्किंग?" संदेश म्हणाला.

"दिवाळीपासून गाडी माझ्या यार्डात उभी आहे. जागा काय फुकट मिळते? बाकीच्या गाड्या आठ-पंधरा दिवसांत जातात. हीच कशी राहिली?"

स्नेहलने त्याच्याकडे बघितलं, तर तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"खेडचं जोडपं आलं, गेलं. सावर्ड्याचा ठेकेदार आला, गेला. तुला काय वाटलं, केबिनच्या काचेतून मला दिसत नव्हतं? सगळे चार्ज गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे? माझ्या दुकानात?"

मला भाईशेठचा मनापासून राग आला. पोराने केलं ते चूक असेल, पण बाजूला त्याची बायको बसलेली, तिच्या मनगटावरचा तो लांब व्रण दिसतोय, आणि हा माणूस पार्किंगचं बोलतोय! मी पेन खाली ठेवलं. "भाईशेठ, हे मी लिहिणार नाही," मी म्हटलं.

"लिहा हो. आधी ऐका तरी," ते म्हणाले आणि संदेशकडे वळले. "हिला घेऊन तू मनगट दाखवायला हॉस्पिटलात गेला होतास, त्या दिवशी एक डॉक्टर आला होता. रोख पैसे घेऊन. ह्याच गाडीसाठी. तू तर नव्हतास. मग त्याला कोणी पळवला?"

तो डॉक्टर मला चांगलाच आठवत होता. केबिनमधून लालबुंद होऊन बाहेर पडला होता आणि जाताना मला हात जोडून गेला होता.

"कोणी?" संदेशने विचारलं.

"मी! काचेवरची किंमत, त्यावर फाईल, त्यावर केअर, सगळं एका दमात तोंडाने सांगितलं. इतकी वर्षं धंदा करतोय, कधी असं खरं बोललो नव्हतो. घामाने शर्ट भिजला माझा! आणि तो काय एकटा होता? तू रजेवर असलास की ह्या गाडीवर मला असं उभं राहावं लागायचं."

मी पेन उचललं. स्नेहल तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, ते मला नीट कळलं नाही.

"तेव्हा वैनी," भाईशेठ म्हणाले, "पार्किंग निम्मंच धरा. निम्मं माझ्या नावावर टाका!"